वीर्यात उतरणारा धूर

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे पहिली विचारणा सुनेकडे होते. तिच्या रक्ताच्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते, गर्भनलिका उघड्या आहेत का हे पाहिले जाते. उपासतापास आणि नवससायासही तिच्याच वाट्याला येतात. नवऱ्याची वीर्यतपासणी ही या सगळ्यात सोपी, स्वस्त आणि वेदनारहित तपासणी. पण ती सर्वांत शेवटी होते आणि कित्येक घरांत तिचा विषयच निघत नाही. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाकडचे कारण आढळते, कधी एकटे, कधी स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगातल्या दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. म्हणजे हा थोड्या दुर्दैवी घरांपुरता प्रश्न नाही. पुरुषाकडच्या कारणांपैकी काही जन्मजात असतात, काही आजारांतून येतात, काहींचा उलगडाच होत नाही. एक कारण मात्र पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे आणि ते ऐन तारुण्यात, प्रजननाची ताकद सर्वाधिक असते त्याच वयात, हौसेने स्वीकारले जाते. ते म्हणजे धूम्रपान. सिगारेट-विडीने शुक्राणूंची संख्या घटते, एवढेच साधारणपणे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. खरे नुकसान शुक्राणू जो वारसा घेऊन निघतो त्याचे होते, त्याची झळ पत्नीला आणि होणाऱ्या मुलाला लागते, आणि या नुकसानीचा मोठा भाग काही महिन्यांत थांबवता येतो. या तिन्ही गोष्टींचा पुरावा आपण क्रमाने पाहू.

आधी शुक्राणू तयार कसा होतो ते समजून घ्यायला हवे, कारण धुराचा घाव नेमका कुठे बसतो ते त्यातूनच कळते. वृषणातल्या बारीक नलिकांच्या भिंतीलगत मूळपेशी असतात. त्या वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत विभागत राहतात. त्यांच्यापासून निघालेली पेशी आधी साध्या विभाजनांतून जाते, मग गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनातून, आणि शेवटी तिचे रूप पालटते. गोल पेशीला डोके, मान आणि शेपूट येते. या कामाला किती काळ लागतो हे हेलर आणि क्लेरमाँट या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात किरणोत्सारी खूण केलेल्या पेशींचा माग काढून मोजले. आज हा काळ सुमारे ७४ दिवसांचा धरला जातो. त्यापुढे अधिवृषण या गुंडाळलेल्या नळीतून जाताना काही दिवस ते दोन आठवडे शुक्राणू परिपक्व होतो आणि तिथेच त्याला पोहण्याची क्षमता येते. म्हणजे आज जो शुक्राणू बाहेर पडतो, त्याच्या घडणीची सुरुवात जवळपास तीन महिन्यांपूर्वी झालेली असते. त्या तीन महिन्यांत शरीरात जे काही गेले, त्याला तो सामोरा गेलेला असतो.

या घडणीच्या शेवटच्या टप्प्यात एक असाधारण गोष्ट घडते. इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. शुक्राणूत त्यातली बहुतेक हिस्टोन काढून प्रोटामिन नावाची प्रथिने बसवली जातात आणि डीएनए अतिशय घट्ट आवळला जातो. त्याच वेळी पेशीतला बहुतेक पेशीद्रव टाकून दिला जातो, म्हणजे डोके हलके होते आणि पोहणे सोपे जाते. पण या हलकेपणाची किंमत मोठी आहे. पेशीद्रवाबरोबर ऑक्सिडेशनपासून वाचवणारी बरीचशी विकरेही जातात आणि तुटलेला डीएनए सांधणारी यंत्रणा जवळपास बंद पडते. शिवाय शुक्राणूचे आवरण लवचीक राहण्यासाठी त्यात बहुअसंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण फार असते, आणि हीच मेदाम्ले ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांपुढे सर्वांत आधी खराब होतात. ऑक्सिजनच्या जादा संपर्कात मानवी शुक्राणूंची हालचाल मंदावते, हे अमेरिकन संशोधक जॉन मॅक्लाउड यांनी १९४३मध्येच दाखवले होते. निसर्गाने शुक्राणूला वेग दिला, पण स्वतःला दुरुस्त करण्याची सोय त्याच्याजवळ फारशी ठेवली नाही.

आता धुराकडे पाहू. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. झुरका घेतला की धूर फुप्फुसात थांबतो, असे अनेकांना वाटते. पण तिथून ही रसायने रक्तात उतरतात आणि रक्त वृषणापर्यंत जातेच. निकोटिन आणि शरीरात त्याच्यापासून बनणारे कोटिनिन ही दोन्ही धूम्रपान करणाऱ्यांच्या वीर्यात मोजता येतात. तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम शोषून पानांत साठवते. हा जड धातू धुरावाटे शरीरात येतो आणि वृषणातल्या पेशींना घातक ठरतो. अपुऱ्या ज्वलनातून तयार होणारे बेंझोपायरीन डीएनएला थेट चिकटते. जोडीला धुराने दाह वाढतो. वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या पुरुषांचा एक अभ्यास २००२मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यात धूम्रपान करणाऱ्यांच्या वीर्यात पांढऱ्या पेशी ४८ टक्क्यांनी आणि ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांची पातळी १०७ टक्क्यांनी जास्त आढळली. अभ्यासातली माणसे थोडी होती, पण दिशा स्पष्ट होती. शुक्राणूला ज्याच्यापासून स्वतःचा बचाव करता येत नाही, नेमके तेच धूम्रपान वाढवते.

वीर्यतपासणीत हे कसे दिसते? प्रयोगशाळा वीर्याचे आकारमान, शुक्राणूंची संख्या, त्यांतले हालचाल करणारे किती आणि रचनेने निर्दोष किती, हे मोजते. धूम्रपानाबाबतचे सुरुवातीचे अभ्यास एकमेकांशी जुळत नव्हते. काहींत फरक दिसे, काहींत दिसत नसे. कारण एकाच पुरुषाची संख्याही आठवड्यागणिक बरीच वरखाली होते, आणि थोड्या माणसांच्या अभ्यासात खरा फरक या चढउतारात हरवतो. म्हणून अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहण्याला महत्त्व आले. १९९४च्या अशा एका एकत्रित विश्लेषणात धूम्रपान करणाऱ्यांच्या वीर्यातली शुक्राणूंची घनता सरासरी १३ ते १७ टक्क्यांनी कमी आढळली. २००७मध्ये डॅनिश संशोधकांनी युरोपातल्या पाच अभ्यासांतल्या २,५४२ निरोगी पुरुषांची माहिती एकत्र तपासली. त्यात जितक्या सिगारेटी जास्त तितकी वीर्याची प्रत कमी, असा क्रम दिसला आणि दिवसाला वीसहून अधिक ओढणाऱ्यांत शुक्राणूंची घनता न ओढणाऱ्यांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी होती. २०१६च्या ‘युरोपियन युरॉलॉजी’तल्या विश्लेषणात वीस अभ्यासांतले ५,८६५ पुरुष होते. तिथे दर मिलिलिटरमागे सुमारे ९७ लाख शुक्राणूंची घट, हालचालीत साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट आणि निर्दोष रचनेतही घट आढळली. आधीच वंध्यत्वाशी झगडणाऱ्या आणि मध्यम किंवा जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत हा परिणाम अधिक ठळक होता.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. निरोगी तरुणाच्या एका मिलिलिटर वीर्यात पाच-सहा कोटी शुक्राणू सहज असतात. त्यांतले एक कोटी गेले म्हणून काय बिघडले? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या नियमपुस्तिकेत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा दिली आहे. बहुतेक धूम्रपान करणारे तिच्या वरच असतात. या आक्षेपाचे उत्तर ती मर्यादा कशी काढली जाते यात आहे. ज्यांच्या पत्नीला बारा महिन्यांच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांचे आकडे घेऊन त्यांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची रेषा तिथे आखली आहे. ती प्रजननक्षम आणि वंध्य यांच्यातली भिंत नाही. रेषेच्या वर असलेल्यालाही मूल होण्यास उशीर लागू शकतो आणि खाली असलेल्यालाही मूल होऊ शकते. आकडा घसरतो तशी दर महिन्याची शक्यता घसरते. भरलेल्या विहिरीतून चार घागरी गेल्या तर कुणाच्या लक्षात येत नाही. वैशाखात तळ गाठलेल्या विहिरीतून गेल्या तर घर कोरडे राहते. व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या शिरा फुगणे), लहानपणी न उतरलेले वृषण, मधुमेह, उष्णतेचे काम, अशा कारणांनी ज्यांची शिल्लक आधीच कमी आहे, त्यांच्यासाठी ही ‘लहान’ घट निर्णायक ठरते. आणि आपली शिल्लक किती आहे हे तपासणी न केलेल्या तरुणाला माहीतच नसते. इंग्लंडमधल्या अ‍ॅव्हन परिसरातल्या आठ हजारांहून अधिक जोडप्यांचा अभ्यास २०००मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात पुरुषाच्या जास्त धूम्रपानाचा संबंध गर्भधारणेच्या विलंबाशी स्वतंत्रपणे दिसला. शिवाय न ओढणाऱ्या पत्नीच्या श्वासात जाणारा धूरही विलंबाशी जोडलेला होता. म्हणजे नवऱ्याची सिगारेट गर्भधारणेच्या दोन्ही बाजूंना अडथळा आणते.

पण संख्येवरच थांबलो तर मुख्य गोष्ट सुटते. सूक्ष्मदर्शकाखाली झरझर पोहणारा, आकाराने निर्दोष दिसणारा शुक्राणूही आत तुटलेला डीएनए घेऊन चाललेला असू शकतो, आणि नेहमीच्या वीर्यतपासणीत ते दिसत नाही. कॅलिफोर्नियात संशोधक ब्रूस एम्स यांच्या गटाने १९९६मध्ये दाखवले, की धूम्रपान करणाऱ्यांच्या शुक्राणूंच्या डीएनएमध्ये ऑक्सिडेशनने झालेल्या इजेची खूण सुमारे ५० टक्क्यांनी जास्त असते. प्रोटामिनची घट्ट बांधणीही धूम्रपान करणाऱ्यांत सैल आढळते आणि सैल राहिलेला डीएनए आणखी सहज तुटतो. टोरांटोतल्या संशोधकांनी १९९९मध्ये त्यापुढची कडी जोडली. धूम्रपान करणाऱ्या जोडप्यांच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या गर्भांत त्यांना बेंझोपायरीनने डीएनएवर उमटवलेल्या खुणा सापडल्या, आणि त्या शुक्राणूंवाटे आल्याचे पुरावे मिळाले. स्त्रीबीजाजवळ दुरुस्तीची यंत्रणा असते. फलनानंतर ती पित्याकडून आलेल्या डीएनएतले काही तुटलेले दुवे सांधते. पण त्या यंत्रणेला मर्यादा आहेत आणि स्त्रीचे वय वाढते तशी ती क्षीण होते. लग्ने आणि पहिली मुले उशिरा होत असलेल्या आजच्या काळात, तिशी-पस्तिशीतल्या पत्नीच्या बीजावर नवऱ्याच्या धूम्रपानाच्या दुरुस्तीचेही ओझे टाकणे हा तिच्यावरचा अन्याय आहे.

या अदृश्य इजेचा परिणाम प्रत्यक्षात दिसतो का? टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात तो तपासता येतो. इक्सी या पद्धतीत एकच शुक्राणू निवडून सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. तिथे संख्या आणि वेग यांना फारसा अर्थ उरत नाही. धूम्रपानाचे नुकसान केवळ संख्येचे असते, तर इक्सीने ते भरून निघायला हवे होते. जर्मनीतल्या म्युन्स्टर इथल्या २००३च्या अभ्यासात मात्र इक्सीनंतर गर्भधारणेचे प्रमाण न ओढणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत ३८ टक्के, तर ओढणाऱ्यांच्या बाबतीत २२ टक्के आढळले. उपचाराच्या एका चक्राला लाखाच्या घरात जाणारा खर्च, पत्नीने घेतलेली इंजेक्शने, बीज काढण्याची प्रक्रिया आणि त्यामागची आशा, हे सगळे नवऱ्याच्या खिशातल्या पाकिटाने पणाला लागते, असा याचा सरळ अर्थ आहे. गर्भ राहिल्यानंतरही प्रश्न संपत नाही. ग्रामीण चीनमधल्या ५७ लाखांहून अधिक न ओढणाऱ्या स्त्रियांची माहिती २०१८मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आली; त्यात ज्यांचे नवरे धूम्रपान करत होते त्यांच्यात गर्भपाताची शक्यता जास्त होती. शांघायमधल्या १९९७च्या अभ्यासात आई कधीही न ओढणारी, पण वडील ओढणारे अशा मुलांत बालपणीच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१०च्या अहवालाने या साऱ्या पुराव्याचा निष्कर्ष काढला, की पुरुषांचे धूम्रपान आणि शुक्राणूंतल्या गुणसूत्रांचे बदल किंवा डीएनएची इजा यांचा संबंध सातत्याने दिसतो, आणि त्याचा परिणाम प्रजननक्षमतेवर, गर्भ टिकण्यावर आणि अपत्यातल्या दोषांवर होतो.

दुसरा आक्षेप अभ्यासू वाचकाचा असतो. सिगारेट ओढणारा माणूस पुष्कळदा दारूही पितो, रात्री जागतो, ताणाचे काम करतो, कमी पौष्टिक खातो. मग दोष सिगारेटचाच कशावरून? हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. यातले बहुतेक अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. तरुणांचे दोन गट करून एका गटाला वर्षभर सिगारेटी ओढायला लावण्याचा प्रयोग कोणतीही नीतिमत्ता मान्य करणार नाही. अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिननेही आपल्या अधिकृत निवेदनात सावध भाषा वापरली आहे. वीर्याचे घटक घटतात हे तिला मान्य आहे, पण त्यामुळे पुरुषाची प्रजननक्षमता घटतेच हे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही, असे ती म्हणते. तरीही कार्यकारणाचा निर्णय एकाच अभ्यासावर होत नसतो. वेगवेगळ्या दिशांनी आलेले पुरावे एका ठिकाणी मिळतात का, यावर होतो. इथे ते मिळतात. चांगल्या अभ्यासांत दारू, वय आणि इतर सवयींचा हिशेब वेगळा केल्यावरही फरक उरतो. सिगारेटींची संख्या वाढते तसा परिणाम वाढतो. विषारी घटक प्रत्यक्ष वीर्यात आणि डीएनएवर सापडतात. ते इजा कशी करतात याची जैविक साखळी माहीत आहे. आई न ओढणारी असतानाही परिणाम दिसतो. फुप्फुसाच्या कर्करोगाबाबतही विसाव्या शतकाच्या मध्यावर हाच आक्षेप घेतला गेला होता आणि त्याचे उत्तरही अशाच जुळलेल्या पुराव्यांतून मिळाले.

तिसरा आक्षेप घराघरात ऐकू येतो: आजोबा दिवसाला विड्यांचे बंडल संपवत आणि त्यांना सहा मुले झाली. हे खरे असते, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नसतो. त्या पिढीत मुलींची लग्ने विशीच्या आत होत आणि मुले पंधरा-वीस वर्षांच्या काळात, कुठलेही नियोजन न करता होत. त्या वयातल्या स्त्रीची प्रजननक्षमता पुरुषाकडची उणीव बऱ्याच अंशी भरून काढते आणि वेळही भरपूर असतो. एखाद्या गर्भधारणेला सहा महिने उशीर झाला तर तो कुणाच्या ध्यानात येत नाही. सुरुवातीच्या काळात पडलेले गर्भ तर मोजलेही जात नसत. आजचे जोडपे बत्तिसाव्या वर्षी एका मुलाचा विचार करते, तेव्हा त्याच्याजवळ ना ते वय असते ना तेवढा काळ. शिवाय सहा मुलांचे आजोबा आठवणीत राहतात. जे निपुत्रिक राहिले आणि ज्यांच्या पत्नीला त्याबद्दल वांझ म्हणून आयुष्यभर बोल लावला गेला, त्यांची विडी कुणी हिशेबात धरली नाही. एका माणसाचे उदाहरण धोका नाकारू शकत नाही. धोका नेहमी अनेक माणसांच्या सरासरीत समजतो.

सिगारेट आणि मर्दानगी यांची जोड चित्रपटांनी आणि जाहिरातींनी पक्की केली आहे. तिला शास्त्राचा आधार आहे असे वाटावे, अशी एक गोष्ट खरोखरच आढळते: काही अभ्यासांत धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन किंचित जास्त असते. वर उल्लेख केलेल्या २००७च्या युरोपीय अभ्यासातही ते दिसले. पण त्याच पुरुषांचे शुक्राणू कमी होते. रक्तातले संप्रेरक जास्त असणे म्हणजे वृषणात निरोगी शुक्राणू बनणे नव्हे. लैंगिक क्षमतेबाबत तर शास्त्राचा निकाल लागलेला आहे. धुराने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते, लिंगाला ताठरता देणारा रक्तप्रवाह कमी होतो, आणि धूम्रपान हे नपुंसकतेचे कारण आहे असे सर्जन जनरलच्या २०१४च्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे. युरोपीय संघातल्या सिगारेटच्या पाकिटांवर छापायच्या इशाऱ्यांत प्रजननक्षमता घटते असाही इशारा आहे. तो आपल्या पाकिटांवरही यायला हवा, कारण विशीतल्या मुलाला पन्नाशीतला कर्करोग फार दूर वाटतो. बाप होण्याची गोष्ट तितकी दूर नसते.

महाराष्ट्रात हा विषय सिगारेटवर संपत नाही. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातले १९ टक्के पुरुष धूम्रपान करणारे आढळले, तर महाराष्ट्रात सुमारे सहाच टक्के. हा आकडा पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही, कारण याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जवळपास ३२ टक्के पुरुष धूरविरहित तंबाखू खाणारे होते. चुना लावून मळलेली तंबाखू, मावा, विदर्भातला खर्रा, २०१२पासून बंदी असूनही मिळत राहिलेला गुटखा, ही सगळी त्याचीच रूपे. धूर नाही म्हणून वीर्य सुरक्षित, ही समजूत टिकत नाही. निकोटिन, कॅडमियम आणि नायट्रोसामिने तोंडाच्या आवरणातूनही रक्तात जातात. भारतात वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या ६३८ तंबाखू चघळणाऱ्या पुरुषांचा अभ्यास २००५मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून किती वेळा चघळतो हे प्रमाण वाढत गेले तशी शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि रचना घसरत गेली. शहरी तरुणांना ई-सिगारेट निरुपद्रवी वाटते. डेन्मार्कमधल्या साधारण एकोणीस वर्षे वयाच्या २,००८ तरुणांच्या २०२०च्या अभ्यासात रोज ई-सिगारेट ओढणाऱ्यांची एकूण शुक्राणूसंख्या ९ कोटी १० लाख, तर न ओढणाऱ्यांची १४ कोटी ७० लाख आढळली. भारताने २०१९मध्ये ई-सिगारेटवर बंदी घातली, ती योग्यच होती.

आणि हे नुकसान एका पिढीत थांबत नाही. मुलाच्या वृषणातल्या पेशींचा पाया तो आईच्या पोटात असतानाच घातला जातो. युरोपातल्या पाच देशांतल्या १,७७० तरुणांचा अभ्यास २००४मध्ये झाला. गरोदरपणात ज्यांच्या आयांनी धूम्रपान केले होते, त्या मुलांत शुक्राणूंची घनता सुमारे २० टक्क्यांनी कमी होती. आपल्याकडे स्त्रियांत धूम्रपान कमी आहे, म्हणून हा प्रश्न आपला नाही असे वाटेल. पण मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू खाणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्रात बऱ्याच आहेत. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाने २०१८मध्ये तर वडिलांकडे बोट दाखवले. सतरा ते वीस वर्षांच्या १०४ तरुणांच्या या अभ्यासात आईच्या शरीरातल्या निकोटिनचा हिशेब वेगळा केल्यावरही, गरोदरपणाच्या काळात ज्यांचे वडील ओढत होते त्या मुलांची शुक्राणूघनता ४१ टक्क्यांनी कमी होती. अभ्यास लहान आहे, त्याला मोठ्या अभ्यासांची पुष्टी मिळायला हवी. पण शुक्राणूतल्या डीएनएच्या इजेबद्दल जे कळले आहे, त्याच्याशी तो सुसंगत आहे.

एवढे वाचून हताश होण्याचे मुळीच कारण नाही. शुक्राणू रोज नव्याने घडतात, ही गोष्ट धूम्रपान सोडणाऱ्याच्या बाजूची आहे. स्त्री जन्मतःच आपली बीजे घेऊन येते; पुरुषाला मात्र दर अडीच-तीन महिन्यांनी नवी सुरुवात मिळते. तुर्कस्तानात वंध्यत्वाने त्रस्त पुरुषांवर झालेल्या आणि २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किमान तीन महिने धूम्रपान सोडल्यावर वीर्याचे आकारमान आणि शुक्राणूंची संख्या वाढलेली दिसली. सगळेच एका झटक्यात धुऊन निघते असे मात्र समजू नये. शरीरात साठलेले कॅडमियम बाहेर पडायला वर्षानुवर्षे लागतात, आणि मूळपेशींतच झालेला बदल पुढच्या पेशींत उतरू शकतो. म्हणूनच लग्नानंतर पाहू, मुलाचा विचार केला की सोडू, हा हिशेब धोक्याचा आहे. जितकी वर्षे कमी ओढली तितके हे साठलेले नुकसान कमी. गोळ्या घेऊन सिगारेटची भरपाई करता येईल, असे सांगणाऱ्यांपासूनही सावध राहावे. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरुषांना सहा महिने जस्त आणि फॉलिक आम्ल देऊनही जिवंत अपत्यांचे प्रमाण वाढले नाही. वीर्याची प्रतही सुधारली नाही. पुरुषांच्या ‘काउंट’साठी दुकानात मिळणाऱ्या महागड्या पुड्यांवर पैसे घालण्याआधी विष बंद करणे हा उपाय स्वस्त आहे आणि त्याचा आधारही अधिक भक्कम आहे.

सोडणे सोपे नाही, हेही तितक्याच गांभीर्याने म्हटले पाहिजे. निकोटिनचे व्यसन हा स्वभावाचा दोष नाही, मेंदूत घडणारा बदल आहे. अनेकांना एकापेक्षा अधिक प्रयत्न लागतात आणि मदत घेतल्यास यशाची शक्यता वाढते. केंद्र सरकारची तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिन गम, पॅच किंवा औषधेही घेता येतात. मूल हवे असेल तर पत्नीच्या पहिल्या तपासणीच्या दिवशीच स्वतःची वीर्यतपासणी करून घ्यावी. त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळावे आणि निकाल कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे, कारण एका नमुन्यावर निर्णय होत नाही. आणि डॉक्टरांना तंबाखूची सवय लपवून न ठेवता सांगावी, कारण ती लपवली तर उपचारच चुकीच्या दिशेने जातो.

मूल होण्याची जबाबदारी बाईच्या पोटापासून सुरू होते, अशी आपली समजूत आहे. पुरावा सांगतो की ती त्याआधी जवळपास तीन महिने पुरुषाच्या शरीरात सुरू झालेली असते, आणि त्या तीन महिन्यांत तो काय करतो याची किंमत त्याची पत्नी, त्यांचा गर्भ आणि कदाचित त्यांचा मुलगाही मोजतो. हे वाचणाऱ्या प्रत्येक तरुणाला एकच विनंती आहे: बाप व्हायचे ठरेपर्यंत थांबू नका, सिगारेट असो, विडी असो की चुन्याची तंबाखू, आजच सोडायला घ्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विनंती, की सुनेला एकटीला दवाखान्यात पाठवू नका, मुलालाही तिच्याबरोबर पाठवा.